चारचौघांचा धाक आणि दिवाणखान्याचे नाटक

१

मराठीत ‘चारचौघे’ हा शब्द संख्यावाचक राहिलेला नाही. ‘चारचौघांत शोभेल असे वागणे’, ‘चारचौघांसारखा संसार’, ‘चारचौघे काय म्हणतील’ या प्रयोगांतील चारचौघे कोण, त्यांची नावे काय, ते राहतात कोठे, याची चौकशी कोणी करीत नाही. तरीही प्रत्येक घरात त्यांच्यासाठी एक अदृश्य बैठक मांडलेली असते. कायद्याला कलम असते, पंचायतीला पंच असतात; त्यांच्या निवाड्याविरुद्ध दाद मागता येते. चारचौघांच्या निवाड्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नाही, कारण तो निवाडा कोणी उच्चारलेलाच नसतो. तो सोसणाऱ्यानेच तो स्वतःच्या मनात आधी वाचलेला असतो. सामाजिक दडपणाचे हे रूप बळजबरीहून अधिक टिकाऊ असते, आणि रंगभूमीला पेलण्यास अधिक अवघडही. मारणारा हात रंगमंचावर दाखविता येतो. न उच्चारलेले वाक्य दाखविणे कठीण.

प्रशांत दळवी यांनी १९९१ साली रंगमंचावर आलेल्या आपल्या नाटकास ‘चारचौघी’ हे नाव दिले, तेव्हा भाषेतील या जुन्या धाकालाच त्यांनी हात घातला. शब्दाचे नुसते लिंग बदलले, पण त्यातून दोन अर्थ एकाच वेळी सिद्ध झाले. आई आणि तिच्या तीन मुली या नाटकातील चौघी ‘चारचौघींसारख्या’ आहेत, असा एक दावा त्या शीर्षकात आहे. आणि समाजाच्या मोजपट्टीने पाहता त्यांतील एकही तशी नाही, हा उपरोधही आहे. दुसरा अर्थ याहून महत्त्वाचा. बाहेरच्या चारचौघांनी ज्यांचा न्याय करावा, त्याच चौघी येथे एकत्र बसून स्वतःचा आणि एकमेकींचा न्याय करतात. निवाड्याचा अधिकार घराबाहेरून घरात येतो. हे स्थलांतर नाटकाच्या रचनेत कितपत उतरले आहे, आणि ते करताना नाटकाने काय बाहेर ठेवले आहे, या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने दळवी यांच्या दोन नाटकांचा, आणि त्यांच्या शेजारी ठेवून पाहण्याजोग्या एका तिसऱ्या नाटकाचा, येथे विचार करावयाचा आहे.

२

दळवी आणि त्यांचे दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी हे दोघेही औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून पुढे आले. १९८०च्या दशकात या शहरात उभी राहिलेली ही तरुणांची संस्था पुढे मुंबईस गेली आणि व्यावसायिक रंगभूमीवर स्थिरावली. या स्थलांतराकडे केवळ मराठवाड्यातील गुणवत्तेला मुंबईने दिलेली दाद म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. ज्या शहरात या मंडळींची नाट्यदृष्टी घडली, त्या शहरात ‘अस्मिता’ या शब्दाला त्या वर्षांत एक अत्यंत ठोस अर्थ होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या नाटकांतील ‘मी कोण’ या प्रश्नाची जात कळत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. नागसेनवनाच्या परिसरात पहिल्या पिढीचे दलित विद्यार्थी राहू लागले, लिहू लागले. याच महाविद्यालयाशी निगडित असलेल्या म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक दलित रंगभूमीच्या आरंभीच्या नाटकांपैकी एक मानले जाते. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच शहरातून चालविले. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि हौशी रंगकर्मींना शिक्षणाची जोड मिळाली. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत केला, आणि त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत दलितांची घरे जळाली. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. या सोळा वर्षांच्या जवळजवळ मध्यावर ‘जिगीषा’चा जन्म, आणि अखेरीस ‘चारचौघी’चा प्रयोग येतो.

एका नावासाठी एवढा संघर्ष झालेल्या शहरातून आलेल्या नाटककाराने नाव, ओळख आणि प्रतिष्ठा हाच आपला विषय करावा, यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते हे की, तो विषय त्याने रस्त्यावरून उचलून थेट मध्यमवर्गीय दिवाणखान्यात नेला.

३

‘चारचौघी’तील आईने एका विवाहित पुरुषाशी संबंध ठेवला आणि त्याच्यापासून झालेल्या तीन मुली स्वतःच्या बळावर वाढविल्या. थोरली विद्या नवऱ्याच्या विवाहबाह्य संबंधामुळे माहेरी आली आहे. मधली वैशाली नवऱ्याच्या निष्क्रियतेचे ओझे वाहते आहे. धाकटी विनिता दोन तरुणांत गुंतली आहे आणि दोघांपैकी एकाला सोडण्यास तयार नाही. विवाहबाह्य, विवाहांतर्गत आणि विवाहपूर्व अशा तीन अवस्थांतून स्त्रीपुरुष नात्याची तपासणी नाटकात होते, आणि या तिन्ही अवस्थांना आईचा भूतकाळ एक पूर्वपीठिका पुरवितो.

या आईच्या मागे विजय तेंडुलकरांची बेणारे उभी आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ सालचे. तेथे हौशी नटांची मंडळी वेळ घालविण्यासाठी अभिरूप न्यायालय मांडतात आणि एका अविवाहित शिक्षिकेचे गर्भारपण त्या खेळाच्या आडून उघडे पाडतात. सुखात्मे, काशीकर, पोंक्षे ही माणसे व्यक्ती म्हणून क्षुद्र आहेत. एकत्र बसली की ती ‘चारचौघे’ होतात आणि त्यांच्या क्षुद्रतेला न्यायासनाची उंची लाभते. बेणारेला त्या खोलीतून बाहेर पडता येत नाही. दाराची कडी तिला साथ देत नाही. तेंडुलकरांना दिसलेले सत्य असे की, समाजाचे दडपण प्रथम खेळाच्या, चेष्टेच्या रूपाने घरात येते.

‘चारचौघी’तील आई म्हणजे त्या खोलीतून बाहेर पडलेली आणि मूल वाढविलेली बेणारे, असे म्हणता येईल. दोन नाटकांमधील चोवीस वर्षांत बरेच घडून गेले होते. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले गेले. स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८०च्या दशकात गावोगाव नेले. परंतु या दोन नाटकांतील खरा फरक काळाचा नसून जागेचा आहे. बेणारे परक्या खोलीत सापडते; आईचे घर तिचे स्वतःचे आहे. बेणारेवर प्रश्न लादले जातात. या घरात प्रश्न विचारणाऱ्या आणि उत्तरे देणाऱ्या एकाच रक्ताच्या आहेत. म्हणून आईचा खरा न्याय बाहेरचे चारचौघे करीत नाहीत, तिच्या मुली करतात. तिने घेतलेल्या निर्णयाची किंमत मुलींनी त्यांना न विचारता मोजली आहे. एका स्त्रीचे स्वातंत्र्य दुसऱ्या स्त्रीच्या बालपणातून वसूल होते काय, हा नाटकातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न आहे. आणि स्त्रीमुक्तीच्या घोषणेपेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे.

विद्येचे दूरध्वनीवरील दीर्घ संभाषण हे या नाटकाचे गाजलेले स्थळ. वंदना गुप्ते यांनी १९९१ साली आणि मुक्ता बर्वे यांनी २०२२ पासूनच्या नव्या संचात ते सादर केले. त्याची दाद बहुधा पाठांतराला आणि अभिनयाच्या दमसासाला मिळते. त्याची रचना मात्र अधिक लक्ष देण्याजोगी आहे. नवऱ्याचा आवाज प्रेक्षकास ऐकू येत नाही. तो काय बोलत असेल हे विद्येच्या उत्तरांवरून प्रेक्षकाला जुळवावे लागते, आणि ते त्याला सहज जुळविता येते. ही सहजताच बोलकी आहे. नवऱ्याची वाक्ये प्रेक्षकाला आधीपासून पाठ आहेत, कारण ती त्याने ऐकली आहेत किंवा उच्चारली आहेत. न बोललेला निवाडा मनात वाचण्याची जी क्रिया समाजात घडते, तीच येथे प्रेक्षागृहात घडवून आणली आहे.

फ्रेंच नाटककार ज्याँ कॉक्तो यांनी १९३० साली एका परित्यक्त स्त्रीच्या दूरध्वनीवरील बोलण्यावर संपूर्ण एकपात्री नाटक रचले होते. तेथील स्त्री आपण सावरलेल्या आहोत असे भासविण्यासाठी खोटे बोलत राहते आणि हळूहळू कोसळते. विद्येची वाट याच्या उलट आहे. ती कोसळलेल्या अवस्थेतून जाब विचारण्याकडे चढत जाते. तिची असहायता लपत नाही. ती असहायता उघडी ठेवूनच ती बोलते. दुबळेपणा उघडा करणे आणि दुबळे असणे या दोन गोष्टी एक नाहीत, हा या प्रवेशाचा आशय आहे, आणि तो वाक्यांत सांगितलेला नसून रचनेतून घडलेला आहे.

४

‘ध्यानीमनी’ हे त्याच दशकातील दळवींचे दुसरे महत्त्वाचे नाटक. पुढे २०१७ साली त्यावर चंद्रकांत कुलकर्णी यांनीच चित्रपट केला. हे शीर्षकही बोलीतून आलेले आहे. ज्याचा ध्यास घ्यावा ते मनात घर करते; आणि मनात घर केलेले एक दिवस खऱ्या घरात वावरू लागते. पाठक दांपत्याच्या घरी एक तरुण जोडपे येते. शालू आपल्या मोहित या मुलाविषयी भरभरून बोलते. तो आत्ता घरी नाही एवढेच. हळूहळू उलगडते ते असे की, तो कधीच नव्हता. मूल न झालेल्या स्त्रीने तो मनाने जन्माला घातला आहे आणि नवऱ्याने तो खरा मानून संसार चालविला आहे.

एडवर्ड ऑल्बी यांच्या ‘हू इज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ (१९६२) या नाटकाशी या कल्पनेचे साम्य स्पष्ट आहे. तेथेही अपत्यहीन दांपत्याने कल्पिलेला मुलगा आहे, तेथेही एक तरुण जोडपे पाहुणे म्हणून आलेले आहे. मात्र साम्याची नोंद करून थांबणारी समीक्षा फरकाचे मोल हरवून बसते. ऑल्बीच्या नाटकात मुलगा हे पतिपत्नींमधील खासगी गुपित आहे. त्याविषयी परक्यांजवळ बोलावयाचे नाही हा त्यांच्या खेळाचा नियम आहे, आणि तो मोडला म्हणूनच सर्वनाश ओढवतो. ‘ध्यानीमनी’त याच्या नेमके उलट आहे. मोहित परक्यांना सांगण्यासाठीच आहे. ‘किती मुले?’ या, ओळख होताच विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे तो उत्तर आहे. अमेरिकन दांपत्याचे एकाकीपण समाजापासून तुटल्याचे आहे. शालूचे वेडेपण समाजात मिसळून राहण्याच्या अट्टाहासातून आलेले आहे. हळदीकुंकवात, डोहाळजेवणात, बारशात जिला मागे उभे राहावे लागते, तिने पुढे येण्यासाठी शोधलेला तो मार्ग आहे. म्हणून तिच्या आजाराचे निदान तिच्या मनापुरते करणे अन्यायाचे ठरते. जो समाज स्त्रीची ओळख अमक्याची आई एवढ्यावर संपवितो, त्याचे म्हणणे तिने अक्षरशः खरे करून दाखविले आहे.

नवऱ्याची भूमिका येथे विशेष विचारात घ्यावी लागते. पत्नीचा भ्रम जपणारा पुरुष प्रेमळ म्हणावा की भित्रा? मूल नसल्याचे वास्तव चारचौघांसमोर आणण्यापेक्षा भ्रमाला हजेरी देणे त्यालाही सोयीचे आहे. त्याची करुणा आणि त्याची सोय यांची वाटणी नाटक करीत नाही, आणि हेच योग्य आहे. दैनंदिन जीवनात या दोहोंची वाटणी होत नसतेच.

दोन्ही नाटके एकत्र वाचली असता ती एकाच प्रश्नाची दोन उत्तरे ठरतात. चारचौघांचा धाक झुगारून जगण्याचे मोल पहिल्या नाटकात मोजले आहे. तो धाक शिरोधार्य मानून जगण्याचे मोल दुसऱ्यात. दोहोंपैकी दुसरे अधिक भेदक आहे, कारण तेथे धाकाविरुद्ध बोलणारे पात्रच नाही. प्रेक्षकाला ज्याच्या बाजूने टाळी वाजवावी असे कोणी त्याला सापडत नाही.

५

येथवर दळवींच्या सामर्थ्याचा विचार झाला. आता त्यांच्या दिवाणखान्याने काय बाहेर ठेवले, हे पाहावयास हवे.

या दोन्ही नाटकांत लिंगभावाचे दडपण आहे, वयाचे आहे, प्रतिष्ठेचे आहे, जातीचे नाही. म्हणजे जात नाही असे नव्हे. पाठक या आडनावाने ती सांगून झालेली असते, आणि म्हणूनच तिच्याविषयी बोलावे लागत नाही. जी ओळख सांगावी लागत नाही ती सुरक्षित ओळख. दिवाणखान्यातील पात्रांना ‘मी कोण’ हा प्रश्न अंतर्मुख होऊन विचारता येतो, कारण बाहेरून तो कोणी विचारीत नाही.

नांदेडचे दत्ता भगत यांचे ‘वाटा पळवाटा’ हे नाटक १९८०च्या दशकातले आणि मराठवाड्यातलेच. तेही एका घरात घडते. सतीश हा दलित प्राध्यापक, त्याची ब्राह्मण पत्नी हेमा, आंबेडकरी चळवळीच्या पहिल्या पिढीतले वृद्ध काका आणि संतप्त तरुण अर्जुन अशी चार माणसे तेथे चार दिशांना ओढली जातात. येथील दिवाणखान्याचे स्वरूपच निराळे आहे. सतीशचे घर हे त्याने मिळविलेल्या स्थैर्याचे चिन्ह आहे, आणि तेच त्याच्यावरील आरोपाचा पुरावाही आहे. घरात शांतपणे बसणे ही वाट की पळवाट, असा प्रश्न त्याला बाहेरच्या सवर्ण समाजाकडून नव्हे, आपल्याच माणसांकडून विचारला जातो. दुहेरी चारचौघे त्याच्या दाराशी उभे आहेत. एकांना त्याने आपली जात विसरू नये असे वाटते, दुसऱ्यांनाही तेच वाटते. कारणे मात्र परस्परविरुद्ध आहेत.

‘चारचौघी’तील घर हे निवाड्यापासूनचे आश्रयस्थान आहे. चौघींना ते हक्काने मिळाले आहे, आणि त्याच्या भिंतींच्या बळावर त्या जगाशी भांडू शकतात. ‘वाटा पळवाटा’तील घर आश्रय देत नाही. ज्या प्रदेशात १९७८ साली घरेच जाळली गेली, तेथे घर ही गृहीत धरण्याची गोष्ट नव्हती. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ किंवा बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचताना हाच अनुभव येतो. तेथे स्त्रीला नवऱ्याचा जाब विचारण्याआधी आपले माणूसपण सिद्ध करावे लागते, आणि घरातला जुलूम व गावाचा जुलूम एकाच वेळी सोसावा लागतो. या स्त्रिया ‘चारचौघीं’त बसविल्या असत्या तर त्या घराच्या भिंती कितपत टिकल्या असत्या?

दळवींनी दलित नाटक लिहावयास हवे होते, असा या तुलनेचा अर्थ नाही. लेखकाने न निवडलेल्या विषयाचा हिशेब त्याच्याकडे मागणे ही समीक्षेतील जुनी खोड आहे. परंतु नाटकाने एखाद्या दडपणाचे चित्र सार्वत्रिक म्हणून मांडले, आणि समीक्षेनेही ते ‘आजच्या स्त्रीचे’ म्हणून गौरविले, तर ती ‘आजची स्त्री’ कोणत्या घरातली, हे विचारणे समीक्षेचे कर्तव्य ठरते. सार्वत्रिकतेचा दावा नाटकाने कमी आणि त्याच्या प्रशंसकांनी अधिक केला आहे. नाटकाचे यश ठसठशीत झाले आहे ते त्यातील चौघी विशिष्ट आहेत म्हणूनच.

६

‘चारचौघी’ २०२२ साली रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम आणि पर्ण पेठे यांच्या संचात पुन्हा उभे राहिले. दिग्दर्शक तेच. मधल्या एकतीस वर्षांत कायद्याने पुष्कळ वाट चालली होती. विवाहसदृश संबंधात राहणाऱ्या स्त्रीला २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण दिले. व्यभिचारास गुन्हा ठरविणारे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केले. १९९१ सालच्या आईला जे कायद्यात सापडले नसते, त्यातील काही आज सापडते. तरीही नाटक शिळे वाटले नाही, असे प्रेक्षकांनी आणि परीक्षकांनी आवर्जून सांगितले.

ही प्रशंसा तपासून घ्यावी लागते. सामाजिक आशयाचे नाटक तीस वर्षांनंतरही ताजे वाटते, हे नाटककाराचे यश असले तरी समाजावरील आरोपपत्रही आहे. कायदा बदलला, चारचौघे बदलले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. यात आणखी एक शक्यता दडलेली आहे. दूरध्वनीच्या प्रवेशाला दर प्रयोगात कडाडून टाळी पडते. विद्येने नवऱ्याला विचारलेला जाब ऐकताना प्रेक्षक तिच्या बाजूचा होतो, टाळीबरोबर त्याच्या मनावरचा ताण ओसरतो, आणि तो घरी परततो. घरी पोहोचल्यावर तो पुन्हा चारचौघांपैकी एक होतो. दत्ता भगतांच्या शीर्षकाची भाषा वापरावयाची तर, वाट म्हणून उघडलेला प्रवेश टाळीच्या क्षणी पळवाट होतो. ‘ध्यानीमनी’त ही सोय नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याचा उल्लेख गौरवाच्या भाषेत कमी होतो.

दिवाणखान्याचे नाटक कालबाह्य झाल्याचे मराठी समीक्षेने अनेकदा जाहीर केले आहे. ‘चारचौघी’, ‘ध्यानीमनी’ आणि ‘वाटा पळवाटा’ ही तीन नाटके शेजारी ठेवली असता त्या घोषणेत घाई दिसते. माणूस आपली ओळख चळवळीत मागतो, सभेत मिरवितो, पण ती हरवतो किंवा राखतो ती बहुधा घरातल्या साध्या बोलण्यात. मुले किती, नवरा काय करतो, आडनाव काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत. दळवींनी यांतील पहिल्या दोन प्रश्नांना रंगमंचावर आणले, भगतांनी तिसऱ्याला. हे तिन्ही प्रश्न एकाच स्त्रीला, एकाच दिवाणखान्यात, एकाच संध्याकाळी विचारले जातात असे नाटक मराठी रंगभूमीच्या मध्यवर्ती प्रवाहात रुजलेले नाही. ज्या शहराने नामांतराचा संघर्ष आणि ‘जिगीषा’ची तालीम एकाच काळात पाहिली, त्या शहराकडून त्याची अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये.